दासी, गुलाम की बटीक?

मार्क ट्वेनच्या ‘पुडनहेड विल्सन’ (1894) या कादंबरीतील रॉक्सी या गुलाम स्त्रीला मराठी अनुवादात काय म्हणावे, या प्रश्नाला ‘दासी’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. ‘दासी’ म्हटले की ‘नामयाची दासी’ म्हणवून घेण्यात धन्यता मानणारी जनाबाई आठवते, आणि प्रेमाने पत्करलेल्या त्या दास्याचा अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या, केव्हाही विकल्या जाऊ शकणाऱ्या बाईशी काही संबंध नाही. ‘गुलाम’ अर्थाला बरोबर आहे. शिवाय जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली असल्यामुळे हा शब्द आपल्याकडे त्या इतिहासाशी जोडलेलाही आहे. मात्र दास्य आईकडून मुलाकडे जाते हे त्यातून सूचित होत नाही, आणि कादंबरीचे कथानक तर नेमके त्यावरच उभे आहे.

रॉक्सी दिसायला गोरी आहे. तिच्यात काळ्या वंशाचा अंश एक-सोळांश, तिच्या मुलात एक-बत्तिसांश. तरीही मुलाने आईचा दर्जा घ्यावा या नियमाने (व्हर्जिनियात तो 1662 पासून कायदा होता) ते मूल जन्मतःच गुलाम ठरते. मालकाच्या मुलाच्या अंगावर तलम मलमल आणि गळ्यात पोवळ्यांची माळ, हिच्या मुलाच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा जाडाभरडा सदरा. एवढ्यावरूनच मालकालाही आपले मूल ओळखता येते. रॉक्सी एका रात्री कपड्यांची अदलाबदल करते आणि दोन्ही मुलांचा ‘वंश’ बदलतो. लेखकाचा सगळा उपरोध त्या सदऱ्यात आहे.

‘बटीक’, म्हणजे विकत घेतलेली घरकामाची गुलाम स्त्री, हा शब्द मला म्हणूनच जवळचा वाटतो: ‘बटकीचा’ म्हटले की आईचे दास्य मुलाला आपोआप चिकटते. पेशवेकालीन कागदांत बटकी आणि कुणबिणी (याही गुलाम स्त्रियाच) यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. या शब्दात कातडीचा रंग येत नाही, ही उणीव खरी. पण ती ‘काळा’ या शब्दानेही भरून निघत नाही, कारण ज्या भाषेत विठ्ठल काळा आणि कृष्ण सावळा, तिथे त्या विशेषणात मायाच अधिक.

मालक म्हणून वाढलेल्या, आपल्याला तुच्छ लेखणाऱ्या मुलाला रॉक्सी आधी गुडघे टेकायला लावते आणि मग पडक्या घरातल्या भेटीत त्याचा खरा जन्म सांगते. तिथे मी ‘तू बटकीचा पोर आहेस’ असेच लिहीन. शिवी आईवरून आहे, आणि ती उच्चारणारी त्याची आईच आहे.