'रेंजलँड'ला मराठीत काय म्हणावं?

करवीरकर: दिवाळीनंतर कोल्हापुरात प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचंय. विषय, गवताळ रानं कशी जपायची हे वर्गात कसं शिकवावं. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांचं रेंजलँड (म्हणजे गुरं-मेंढरं चरतात ती मोकळी गवताळ रानं) आणि पशुपालकांचं वर्ष, त्यामुळे वाचायला साहित्य भरपूर आहे, पण सगळं इंग्रजीत. गायरान, कुरण, माळरान, यातलं काय घेऊ?

सातबारा: गायरान नको. ती महसुली संज्ञा आहे, गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. आपल्याकडं गायरान म्हटलं की लोकांना आधी अतिक्रमण आठवतं.

पन्हाळ्याचा: कुरण म्हणजे राखलेलं गवत. कापणीपर्यंत गुरं सोडायची नाहीत. (हल्ली पेपरात भ्रष्टाचाराचंच कुरण उरलंय, ते सोडा.) माळरान म्हणजे उघडा माळ, झाडं विरळ. पन्हाळ्याजवळच्या मसाईसारख्या जांभ्या कातळाला पठार नाहीतर सडाच म्हणा.

मेंढरामागं: आमच्यात मेंढरं 'रानात' नेतात. माळ, पड, कापणी झालेलं शेत, सगळं त्यात आलं. पण कोल्हापुरात 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय, म्हणून 'चराऊ रान' म्हणा.

करवीरकर: आणि 'पडीक'?

सातबारा: तो शब्द आधी खोडा! सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात खुरट्या झुडपांचा माळ आणि खालावलेली चराई दोन्ही येतात. पडीक म्हटलं की पर्यावरण दिनाला शाळा झाडं लावायला खड्डे काढायला मोकळी. चंडोल, धाविक हे पक्षी माळावर जमिनीवरच अंडी घालतात, त्यांनी कुठं जायचं? शिक्षकांना पहिल्या तासाला हेच विचारा.

निवृत्त मास्तर: संस्थानी काळात कोल्हापुरात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत, हे पोरांना सांगा. दाट झाडीत चित्त्याला धावता आलं असतं का, म्हणून विचारा, बघा कशी बोलायला लागतात. दुसरं, कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ ओल्या फडक्यावर ठेवा. पीळ सुटतो आणि शेपटी गरागरा फिरते. असंच फिरत बी जमिनीत घुसतं. हे आधी शिक्षकांच्या हातून करून घ्या. नुसती व्याख्या फळ्यावर लिहिली की मुलं पाठ करतात आणि विसरतात.

करवीरकर: शीर्षक 'माळरान', आत 'चराऊ रान', ठरलं. सडा वेगळ्या पानावर. कुसळं तेवढी कुठं मिळतील?

मेंढरामागं: दिवाळीनंतर माळावर एक चक्कर मारा की. विजारीला लागून आपसूक घरी येत्यात.