मदत हवी आहे : व्यभिचाराच्या आधारावर चर्चमधला विवाह शून्य ठरतो का?

बहिणीसाठी विचारतोय. दोघेही कॅथलिक, लग्न वसईत चर्चमध्ये झालेले. भारतीय घटस्फोट कायद्याच्या कलम १०-अ खाली परस्परसंमतीने कोर्टाचा घटस्फोट मिळाला आहे. तिला पुन्हा चर्चमध्येच लग्न करायचे आहे, म्हणून विवाह मुळातच शून्य होता असा ट्रिब्युनलचा (चर्चच्या न्यायालयाचा) निर्णय हवा.

कोर्टात २००१ च्या दुरुस्तीनंतर नवऱ्याचा व्यभिचार एवढे एक कारणही बायकोला पुरते. चर्चमध्ये तसे नाही. कॅनन (चर्चच्या कायद्याचे कलम) ११५२ नुसार व्यभिचारामुळे विभक्त राहता येते, बंधन मात्र कायम राहते. कॅनन ११०१ लावायचा तर लग्नाला संमती देतानाच नवऱ्याने एकनिष्ठता मनातून वगळली होती, हे दाखवावे लागते. खरी अडचण तिथेच आहे.

चर्चच्या कायद्यातल्या २०१५ च्या सुधारणेमुळे दुसऱ्या ट्रिब्युनलची मंजुरी आता सक्तीची नाही. बिशपांसमोरच्या जलद प्रक्रियेला नवऱ्याची संमती लागते आणि तो पत्रांना उत्तरच देत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

धर्मगुरूंना भेटून झाले, समेटाची शक्यता नाही. हाती आहेत ते लग्नानंतरचे मेसेज, आणि साखरपुड्यानंतरही त्याचे जुने संबंध चालू होते हे सांगणारे दोन साक्षीदार.

एवढ्यावर ११०१ टिकेल, की अर्जात कॅनन १०९५ मधला विवेकाचा (लग्नाबाबत सारासार निर्णय घेण्याच्या क्षमतेचा) गंभीर अभावही जोडावा?