स्थानकाजवळची सहावी-आठवीची शाळा: दुसऱ्या शाळेत मिळवावी की ठेवावी? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

फळा-खडू

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. महापालिकेची सहावी ते आठवीची शाळा. बसथांबा आणि मेट्रो स्थानक, दोन्ही पाच मिनिटांच्या चालीवर. तिन्ही वर्गांचा मिळून पट 54. अडीच किलोमीटरवर पालिकेचीच दुसरी शाळा आहे, तिथे याच वर्गांचा पट 240, आणि थेट बस जाते. पहिली शाळा दुसरीत मिळवावी का?

माझं मत, मिळवावी. कारण इमारत किंवा खर्च नाही, शिक्षक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक सांगितला आहे, आणि 35 मुलांमागे एक. प्रत्यक्षात पदं पटावर मंजूर होतात. 54 मुलांना 35 ने भागलं की हाती दोन शिक्षक येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असे सहा विषय आणि तीन वर्ग, म्हणजे अठरा जोड्या दोघांनी सांभाळायच्या. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की तीन वर्ग एका खोलीत बसतात. पट 20 च्या खाली गेला तर 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयाने नियमित पदच उरत नाही.

पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक कायद्याने 100 च्या वर पट असेल तरच. या 54 मुलांना ते मिळणार नाहीत. दोन्ही शाळा एकत्र आल्या तर 294 मुलांना नऊ शिक्षक होतात आणि विषयवार तासिका लावता येतात. आठवीतल्या मुलाला बीजगणित शिकवणारा माणूस मिळणं ही चैन नव्हे.

पदपथ

शिक्षकांचा हिशोब बरोबर आहे, पण रस्त्याचा केलेला नाही. "थेट बस आहे" हे नकाशावर बघून म्हटलेलं वाक्य आहे. मुलाच्या दारापासून मोजा. घर ते थांबा 10 मिनिटं, वाट पाहणं 12, बसमध्ये 15, उतरून शाळेपर्यंत 8. झाली 45 मिनिटं, परतीची तेवढीच. दिवसाचा दीड तास. या वर्गांसाठी कायद्यात वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवलेलं आहे. दीड तास गुणिले 220 म्हणजे 330 तास. शिकवण्याच्या वेळेच्या एक-तृतीयांश वेळ रस्त्यावर.

वीस मिनिटांनी एक बस असेल आणि सकाळी सातची शाळा असेल, तर एक बस भरून गेली की पहिली तासिका गेली. गर्दीच्या वेळी दप्तर घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलाला दारात उभं राहू देत नाहीत, तो मागे राहतो. ही रोजची गोष्ट आहे, अपवाद नाही.

आणि रस्ता ओलांडणं! सिग्नलची वेळ साधारण सेकंदाला 1.2 मीटर चाल धरून काढतात. 24 मीटरच्या रस्त्याला 20 सेकंद. पंधरा-वीस मुलांचा घोळका पदपथाच्या कडेवरून एकाच क्षणी निघत नाही. शेवटचं मूल निघतं तेव्हा पहिलं दुभाजकाशी पोचलेलं असतं. मध्ये रेल्वेमार्ग असेल तर अडीच किलोमीटरचे पादचारी पुलाच्या वळशाने साडेतीनही होतात. अंतर पायी चालूनच मोजलं पाहिजे, तेही मुलींसोबत आणि अंधारून आल्यावर.

मुक्कामी_गाडी

यात एक कोंडी आहे, ती कुणी मांडली नाही. सहावी ते आठवीसाठी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे. समग्र शिक्षा अभियानातला वर्षाला 6000 रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता शाळा त्या अंतरात नसेल तर मिळतो. नवी शाळा अडीच किलोमीटरवर, म्हणजे मूल भत्त्याच्या बाहेर. इतकं लांब की रोज चालवत नाही, आणि इतकं जवळ की मदत नाही. पासाचा खर्च घरावर पडतो आणि घरात दोन मुलं असतील तर धाकटीची शाळा आधी सुटते.

पालिकेने स्वतः गाडी लावायची म्हटलं तर 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेची परिवहन समिती, मुली असतील तर महिला परिचर, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, सगळं आलं. निविदा जूनमध्ये निघते आणि गाडी ऑगस्टमध्ये रस्त्यावर येते. त्या दोन महिन्यांत सुटलेलं मूल पटावर राहतं, वर्गात येत नाही.

फळा-खडू

@पदपथ, 45 मिनिटं मान्य. पण हीच मुलं आज दोन शिक्षकांसमोर बसून किती तास खरोखर शिकतात? हजर असण्याचे 1000 तास आणि शिकवल्याचे 1000 तास यात फरक आहे. गाडी आधी, विलीनीकरण नंतर, एवढी अट मी मान्य करतो. पण "रस्ता वाईट आहे म्हणून शिक्षक नसले तरी चालतील" हे पटत नाही.

हजेरीपट

दोघंही पट 54 हा निसर्गाने दिलेला आकडा असल्यासारखं बोलताय. पट का घसरला ते बघा. आपल्याकडे जुनी घडण पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी होती. कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे आणले. खासगी अनुदानित माध्यमिक शाळा मात्र पाचवीपासूनच प्रवेश देतात. पालक साहजिकच चौथीनंतर एकदाच प्रवेश घेतात आणि दहावीपर्यंत निश्चिंत होतात. फक्त सहावी-आठवीच्या शाळेत मूल घालायचं तर सहावीला एकदा आणि नववीला पुन्हा दाखला काढा. अशी शाळा दोन्ही टोकांनी गळते. शिक्षक कितीही चांगले असले तरी.

यावर इलाज नववी-दहावी जोडण्याचा आहे आणि त्यासाठी स्थानकाजवळची जागाच सगळ्यात योग्य. अशा शाळेत फक्त गल्लीतली मुलं येत नसतात. कामाला जाणारी आई स्थानकावर येते, मुलाला फाटकात सोडते आणि गाडी पकडते. शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढून मुलं मोजली तर ही मुलं त्यात दिसतच नाहीत.

शिवाय संचमान्यतेत 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलेली मुलंच मोजतात. नावातली एक वेलांटी चुकली तरी मूल मोजणीतून बाहेर. स्थलांतरितांच्या वस्तीत असे पाच-दहा निघणं नवं नाही. 54 मध्ये नऊ मुलं नव्याने जुळली तर 63 होतात, आणखी आठ आली की 71, आणि तिथे 35 च्या हिशोबाने तिसरा शिक्षक उभा राहतो. शाळा मिळवण्याआधी ही दुरुस्ती तरी करा.

सातबारा

जमिनीबद्दल. शाळा बंद झाली म्हणजे भूखंड मोकळा झाला असं नाही. विकास आराखड्यात त्यावर शाळेचा वापर दाखवलेला असतो. तो बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरफार करावा लागतो, त्याची सूचना राजपत्रात येते आणि हरकतींना एक महिना मिळतो. पालकांना सूचना कळते तेव्हा बहुतेक महिना उलटलेला असतो.

घाई कशाची असते तेही सांगतो. पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती 500 मीटरच्या टीओडी पट्ट्यात (स्थानकालगत दाट बांधकामाला मुभा असलेला पट्टा) चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, 4 पर्यंत जातो. अशा जागी दोन मजली शाळा उभी असली की तिची किंमत पटावरून नाही, चटईवरून ठरू लागते. प्रत्येक विलीनीकरणामागे जमीनच असते असं मी म्हणत नाही. पण ठरावात "वापर शैक्षणिकच राहील" ही ओळ लिहायला जे तयार नाहीत त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

फळा-खडू

ती ओळ ठरावात हवीच. नववी-दहावी जोडण्याचा मुद्दाही खरा आहे, पण त्याला माध्यमिकची मंजुरी, शिक्षकांची पदं आणि प्रयोगशाळा लागते. त्यात दोन-तीन वर्षं गेली तर आत्ता सातवीत असलेली तुकडी त्याच दोन शिक्षकांवर बाहेर पडेल. त्यांचं काय?

हजेरीपट

त्यांच्यासाठी दुसऱ्या शाळेचा गणित-विज्ञानाचा शिक्षक आठवड्यातले दोन दिवस इकडे पाठवा. 54 मुलं हलवण्यापेक्षा एक माणूस हलवणं सोपं. दोन्ही शाळा एकाच पालिकेच्या, थेट बस आहे हे तुम्हीच म्हणालात. वेळापत्रक असं लावा की ते दोन्ही दिवस तिन्ही वर्गांच्या गणित-विज्ञानाच्या तासिका सलग येतील.

मुक्कामी_गाडी

मिळवायचीच ठरली तर दोन गोष्टी लेखी घ्या. एक, नव्या शाळेत आणखी दोन खोल्या, मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पोषण आहाराचा वाढीव कोटा (या वर्गांना माणशी 150 ग्रॅम धान्य) पहिल्या दिवसापासून हवा. दुसरी गोष्ट सगळे विसरतात: जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. जन्मतारीख आणि जातीची नोंद त्यातून निघते, जात पडताळणीला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं पान मागतात. शाळा बंद झाली, कपाट गोदामात गेलं, वाळवी लागली, की तिथे शिकलेल्या माणसाचा नातू कागदासाठी वणवण फिरतो. रजिस्टर कोणत्या शाळेत, कुणाच्या ताब्यात, किती खंड, याची यादी सही-शिक्क्यासह शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या आणि प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा.

पदपथ

आणि जूनमध्ये नको. पावसाळ्याच्या तोंडावर मुलांना नव्या रस्त्याला लावू नका. आधी आठवडाभर समितीतल्या पालकांनी मुलांसोबत त्याच वेळेला, त्याच बसने जाऊन यावं. किती मुलं पहिल्या बसमध्ये चढू शकली ते रोज लिहून ठेवावं, आणि तो कागद ठरावाला जोडावा.