मदत हवी आहे : आबाजींच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, संध्याकाळी घरीच दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवते. परवा महास्फोटाचा (बिग बँगचा) विषय निघाला. 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, तेव्हापासून पसरतंय. आपल्याला सापडलेला सगळ्यात जुना प्रकाश त्यानंतर जवळपास 3 लाख 80 हजार वर्षांनी सुटलेला. जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या दिसायच्या ना, त्यातही त्याचा थोडासा अंश असायचा.

आबाजी कापसाच्या गाठोड्याला टेकून माळ जपत होते. मण्यावरचं बोट थांबलं. "मंग त्याच्या आंधी काय होतं वं बाई?"

एक पोरगा म्हणाला, "देव!" दुसरा फिदीफिदी हसला. ते हसणं मला फार लागलं. आबाजींनी मान खाली घातली.

जिथे विज्ञान थांबतं तिथे देव बसवणं मला पटत नाही. उद्या उत्तर सापडलं तर देवाला तिथून उठवायचं का? पण आबाजींची श्रद्धा त्या रिकाम्या जागेवर उभीच नाही, ती वारीत चालून आलेली आहे. महास्फोटाची कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र तर स्वतः कॅथलिक पाद्री होते, आणि तिचा धर्माचा पुरावा म्हणून वापर करणं त्यांनाच मान्य नव्हतं.

इथे कोणी शिक्षक, कीर्तनकार असतील तर सांगा. "ठाऊक नाही" हे आबाजींना आणि त्या हसणाऱ्या पोराला, दोघांनाही एकाच वेळी कसं सांगू? शनिवारी पुन्हा वर्ग आहे.