मदत हवी आहे: जुनी मारुती ८०० घाटात बंद पडते

बाबांची १९९६ची ८००, कार्बोरेटरवाली. पाच वर्षं कोथरूडला कव्हरखाली उभी होती, चूक माझीच. आता सुट्टीच्या दिवशी स्वतः उघडतेय. टाकी उतरवली तर तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गंज. ती धुतली, कार्बोरेटरला नवा किट टाकला, पाइप बदलले.

थंड असताना सुरेख चालते. पण कात्रजचा जुना घाट चढताना, बोगद्याच्या अलीकडे, दोनतीन आचके देते आणि बंद. त्या वेळी प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली निळी. पेट्रोलचा पारदर्शक फिल्टर मात्र अर्धा रिकामा, आत बुडबुडे. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की परत चालू. म्हणजे पेट्रोलच पुरत नाहीये. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा गेला असेल, की गरम पाइपात पेट्रोलची वाफ धरते?

इंजिनवरचा पंप तसाच नवा घ्यावा, की इलेक्ट्रिक बसवावा? इंजेक्शनच्या गाडीचा पंप चालणार नाही, दाब फार असतो, हे माहीत आहे. कमी दाबाचा नाना पेठेत कुणी घेतलाय का? आणि अपघातात तो आपोआप बंद व्हावा म्हणून वायरिंग कसं केलंत? पुढच्या महिन्यात पासिंग आहे. गाडी भंगारात द्यायची नाहीये.