जुनी सातसीटर एसयूव्ही घेताना: तुमचे अनुभव लिहा

आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं आणि दर मे महिन्यात गुहागर. थोरला आता बाबांपेक्षा उंच झालाय, हॅचबॅकमध्ये मधे बसायला तयार नाही. बजेट ९ लाख, म्हणजे सेकंडहँड हे ठरलंच. तीन रविवार गाड्या बघतोय आणि प्रत्येक गाडी 'डॉक्टरांची, सिंगल हँड, फक्त हायवेला चाललेली' आहे. पुण्यातले एवढे डॉक्टर गाड्या विकत बसलेत, तर दवाखान्यात कोण असतं कोण जाणे. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून घेतली त्यांनी लिहा. फसला असाल तर आधी लिहा.

सांगलीहून

आम्ही कृष्णाकाठचे. गाडी बघताना माझा हात आधी सीटबेल्टकडे जातो. २०१९च्या ऑगस्टात आमच्या गल्लीतल्या गाड्यांचे नुसते टप दिसत होते. पाणी ओसरल्यावर क्रेनने उचलून नेल्या, आम्हाला वाटलं भंगारात गेल्या.

दोन वर्षांनी मेव्हण्यासाठी सोलापूरला एक गाडी बघितली. पांढरीशुभ्र, नवी सीटकव्हरं, आत उदबत्तीचा घमघमाट. मधल्या रांगेचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. पहिला हातभर स्वच्छ, मग एक तपकिरी रेघ, आणि तिच्यापुढे पट्टा कडक, खरखरीत. नख लावलं तर बारीक पूड पडली. गाळ. एवढ्या आतला पट्टा धुवायचं कुणाला सुचत नाही. पुढच्या सीटखाली मोबाइलची बॅटरी मारली तर रुळांना गंज. विकणारा म्हणतो, "मालक कोकणातले, खाऱ्या हवेने येतो हो." आरसीवर पत्ता कुठला होता ते मी इथे सांगत नाही, पण समुद्र तिथून दोनशे किलोमीटर तरी असेल. मेव्हणा विरघळायला लागला होता. चहाच्या निमित्ताने त्याला बाहेर काढला, परत गेलोच नाही.

अशी पुरात बुडालेली गाडी बघायच्या दिवशी मस्त चालते. पुढे वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडायला लागले की खेळ सुरू: आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा. जुलै २०२१च्या पुरानंतर विकली गेलेली चिपळूणकडची गाडी असेल तरी हेच बघा.

ठाण्याहून

मी वाहनकर्जाचं काम बघते, त्यामुळे माझं थोडं कोरडं लागेल. कर्ज फिटणं वेगळं आणि आरसीवरची एचपी, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद, उतरणं वेगळं. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. बँकेचं नाव दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (ती नोंद काढायचा अर्ज) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर मालकाच्या सह्या आपल्यासमोर घ्या. थकलेली चलानंही तिथेच बघून घ्या.

एवढं माहीत असूनही आम्ही आपटलो, ते विम्यावर. आमचे हे म्हणाले, आधी आरसी नावावर होऊ दे. विमा १४ दिवसांत नावावर करायचा असतो. पाचव्या आठवड्यात माळशेजला पुढच्या ट्रकवर गेलो. थर्ड पार्टी विमा चालू होता, पण आपल्या गाडीचं नुकसान मिळेना. बंपर, हेडलाइट, रेडिएटर मिळून ४६ हजार, घरचे. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

नाशिकहून

दिल्ली पासिंगची डिझेल घेतली. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाने २०१५ला बंदी घातली, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणून सात-आठ वर्षांची गाडी तिकडे मातीमोल वाटते. मातीमोल नसते. तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इकडचा टॅक्स, नवीन नंबर, एजंट आणि चार महिने. तिकडे भरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज मी केलाय, अजून वाट बघतोय. इथल्या गाडीपेक्षा लाखभर स्वस्त पडली, पण तेवढा लाख मी चकरांमध्ये कमावलाय असं बायको म्हणते.

कोल्हापूरहून

मीटरवर विश्वास ठेवू नका, टायरवर ठेवा. बाजूला चार आकडे असतात: ३१२२ म्हणजे २०२२चा एकतिसावा आठवडा. गाडी २०१८ची, मीटर ३५ हजार आणि चारही टायर २०२२चे, तर एवढ्यात चारही सहसा झिजत नाहीत, मग पहिले गेले कुठं? ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का तेही बघा. मीटर मागं फिरतं, रबर परत उगवत नाही.

आणि भावा, इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला लाव. आपण जायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर समज. सुरू इंजिनवर ऑइलचं टोपण काढून धूर भकाभक येतो का, ते आपल्या मिस्त्रीला बघू दे; येत असेल तर इंजिन झिजलेलं असू शकतं. हजार रुपये घेईल, देऊन टाक.

बाणेरहून

एप्रिल २०२०नंतरची बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल घेणार असाल आणि रोजचं काम शाळा-भाजी-ऑफिस पाच किलोमीटर असेल, तर नका घेऊ. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वच्छ व्हायला गाडी सलग तापावी लागते. मी दर पंधरवड्याला दिवा लागला की रात्री एक्स्प्रेसवेवर उगीच फिरून येतो. पेट्रोल घ्या.

रत्नागिरीहून

इनोव्हा एसयूव्ही नाही हे मला माहीत आहे, उगाच सांगायला येऊ नका. आम्ही आधी उंच, रुबाबदार गाडी ठरवली होती. टोकन द्यायच्या दिवशी आईला सोबत नेलं. तिचा गुडघा पायरीलाच अडला. दोन्ही हातांनी खांब धरून उभी राहिली, म्हणाली, "मी आपली एसटीनेच येईन." तिसऱ्या रांगेत काका बसले तर गुडघे हनुवटीला. मग २०१४ची इनोव्हा घेतली, अपेक्षेपेक्षा दीड लाख जास्त देऊन. आई स्वतः चढते.

पुन्हा मीच

आज हडपसरला जाऊन आलो. पट्टे सातही ओढले, स्वच्छ आहेत. गाडी २०१७ची, मीटर ३८ हजार, टायर १९२१. विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरांनी हौसेने बदलले." उद्या सकाळी सातला मिस्त्रीला घेऊन जातोय. आईलाही.