परवडणाऱ्या घरांसाठी स्थानिक समितीनं नेमकं करायचं काय?

प्रश्न: नऊ जणांची समिती झाली आहे. हातात निधी नाही, अधिकार फक्त सल्ल्यापुरते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी गरज मोजा. ‘घर हवंय का?’ असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. माणसं किती, उत्पन्न किती, भाडं-वीज-पाणी मिळून जातात किती, एवढंच विचारा. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर खर्च गेला की ओढाताण. ५० च्या वर गेला तर ते कुटुंब यादीत सगळ्यात वर.

उत्तर २: सोबत मोकळ्या सरकारी जागांचा तक्ता करा: क्षेत्रफळ, मालकी, आरक्षण (आराखड्यात जागा कशासाठी राखली आहे), रस्ता आणि सांडपाण्याची लाईन किती लांब. हा शेवटचा रकाना हमखास राहतो. लाईन लांब असली की फुकटची जागाही महागात पडते.

प्रश्नकर्ता: आणि घरं स्वस्तात घेऊन लोकांनी बाजारभावाने विकली तर?

उत्तर ३: खरी गळती तिथेच. उपाय म्हणजे जमीन न्यासाकडे, म्हणजे लोकांसाठी जमीन सांभाळणाऱ्या ना-नफा संस्थेकडे, घर तेवढं कुटुंबाचं. जमिनीचा भाडेपट्टा बहुधा ९९ वर्षांचा. अमेरिकेत जॉर्जियात १९६९ मध्ये ही वाट सुरू झाली. पुनर्विक्रीचं सूत्र करारातच लिहा. समजा, १०० ला घेतलेल्या घराचा भाव १८० झाला. वाढ ८०, सूत्रानुसार विकणाऱ्या कुटुंबाला तिचे २५ टक्के, म्हणजे २०. म्हणून विक्री १२० ला. ‘वाजवी किमतीत’ असं मोघम लिहिलंत तर भांडण ठरलेलं.

उत्तर १: देखभालखर्चही आधीच धरा. हप्ता झेपतो, पण लिफ्टची दुरुस्ती निघाली की गणित कोलमडतं.